राख पुरणार नाही

फादर म्हणाले, यंदा राख पुरणार नाही,
गेल्या वर्षीची बाटली सिस्टरांच्या हातून फुटली.
लोकांना दोन रविवार सांगून झालंय, कुणी आणत नाही.
तूच जा, घरोघरच्या सुकलेल्या झावळ्या घेऊन ये.

माझी दुसरी पाळी, सकाळ मोकळी.
ॲक्टिव्हाच्या हुकाला रिकामी गोणी अडकवली.
मकरपुऱ्यापासून तरसालीपर्यंत
आमची घरं अशी विखुरलेली,
की फाटक्या खिशातून कुणी चालता चालता दाणे सांडावेत.

मकवाणाच्या रिक्षात झावळी मीटरमागे खोचलेली,
ग्रीसने काळी.
ले भाई, म्हणाला, वर्षभर हिनेच मेमो वाचवले.
मग जरा थांबून:
दोनदा सोडून.

अन्नम्मा नर्सबाईंनी क्रुसामागून काढली,
हातात धरली, परत खोचली.
मुलाने त्या पातीचा इवलासा क्रूस विणला होता.
मुलगा आता आयर्लंडात, परक्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालतो.
अर्धी चालेल का, त्यांनी विचारलं.
चालेल, म्हटलं.
कात्री आणायला आत गेल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत.
मी स्टुलावर बसून चहा संपवला
आणि दार हळूच ओढून घेतलं.

पाठारेकाकांना वाटलं, मी वर्गणीला आलोय.
पन्नासची नोट दिली, पावती मागितली.
मी वहीचं पान फाडून लिहून दिलं: मिळाले.
झावळी त्यांच्या बायबलमध्ये, ईयोबाच्या पुस्तकात,
खूण म्हणून.
ती काढली तर कुठवर आलो ते कळणार कसं?
मग तिथे पावतीच ठेवली.
ईयोबाचं सगळं गेलंय, अजून काही परत मिळालेलं नाही,
एवढ्यावर काका आहेत.

सायमन भालेरावच्या गल्लीत वळलो नाही.
तीन वर्षं झाली.
हॉलच्या जेवणाचं काम त्याच्या मेव्हण्याला गेलं,
माझ्या भावाला नाही;
आणि भरसभेत तो भावाच्या पिण्याबद्दल बोलला,
जे खरं होतं.

मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या मागे, रंगाच्या डब्यात
आगकाडी लावली.
पोरं विचारायला आली, कणसं भाजताय का अंकल?
गोणीभर झावळ्या, राख ओंजळभर.
चहाच्या गाळणीतून चाळली, तेलाचा थेंब घातला.
ग्रीस कुठलं, ईयोब कुठला, काही कळेना.

बुधवारी सहाची मिस्सा, गुजरातीत.
फादरांचा गुडघा धरलेला, म्हणून दोन रांगा.
दुसरीसमोर मी, वाटी घेऊन.
अर्ध्यात कुणीतरी रांग तोडून इकडे वळवली
आणि सायमन माझ्यासमोर आला.

टक्कल पडलंय त्याला. मला माहीतच नव्हतं.

तू माती आहेस.
तीन वर्षं हेच तर घोळवत होतो तोंडात,
वेगळ्या चालीत, पुढे शिवी जोडून.
आता पुस्तकातून, परवानगीने,
सगळ्या गावासमोर त्याला म्हणायचं होतं.
जीभ उचलेना.
मागची बाई खोकली.
माती आहेस, मी म्हणालो, आणि मातीला मिळशील.
अंगठ्याखाली कपाळ गरम लागलं, ताप असल्यासारखं.
गोळी घेतलीस का, असं ओठांवर आलं,
पण तेवढ्यात तो आमेन म्हणून पुढे सरकला होता.

दोन वाजता कारखान्याच्या फाटकावर
अंगठा यंत्रावर ठेवला. लाल दिवा.
साबणाने धुतला होता दोनदा,
रेघांमध्ये काळं बसलेलंच.
पँटीला पुसला. पुन्हा लाल.
भरतभाई खुर्चीतून उठला, माझ्या कपाळाकडे बघत,
आवाज खाली आणून म्हणाला, कोण गेलं?
कुणी नाही, म्हटलं.

मागे पाळीची रांग वाढत होती.
यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.